जागा पाहावयास

नोकरीतून मोकळे होण्याचे दिवस जवळ आले की मनुष्याच्या हाती नकळत नकाशा येतो. तरुणपणी त्या नकाशात तो जावयाची गावे शोधीत असतो; आता राहावयाची शोधू लागतो. टोरोंटोच्या पाणीखात्यात मी 33 वर्षे काढली. तेथील हिवाळ्याशी माझे स्वतःचे भांडण नव्हते. ते आमच्या सौभाग्यवतींच्या गुडघ्यांचे होते, आणि संसारात कोणाचे भांडण अखेरीस वरचढ ठरावयाचे हे वाचकांस सांगावयास नको. मुलगी आणि नातू त्याच शहरात. तेव्हा जागा उन्हाची तर हवीच, पण नातवाला शाळेच्या सुटीत एका दमात येता येईल इतकी जवळही हवी. दापोलीकडील आमचे गाव या दुसऱ्या कसोटीस उतरत नाही, असे मी स्वतःची समजूत घालून ठेवली होती. ती कितपत खरी होती हे पुढे येईलच.

अशा रीतीने 2023 च्या फेब्रुवारीत आम्ही उभयता कॅरिबियन समुद्रातील ग्रेनेडा या देशी जाऊन पोहोचलो. टोरोंटोहून विमानाने सुमारे पाच तासांची वाट. देश केवढा, तर तीन बेटे मिळून 344 चौरस किलोमीटर. आपला एखादा तालुकाही याहून मोठा असतो. जायफळ हे तेथील मुख्य पीक, इतके की राष्ट्रध्वजावरही जायफळ काढलेले आहे. मुख्य बेटावर चार दिवसांत आम्ही सात जागा पाहिल्या. जी परवडे तिला रस्ता नव्हता, आणि जिला रस्ता होता तिची किंमत ऐकून सौभाग्यवती समुद्राकडे पाहू लागत. शेवटी जमिनीच्या दलालाने आम्हाला धाकट्या बेटावर, कॅरिअकूला, नेण्याचे ठरविले. दलाल मोठा गोड बोलणारा होता. वादळे इतक्या दक्षिणेला येत नाहीत, असे त्याने आम्हाला दोनदा सांगितले. 2004 साली आयव्हन नावाच्या वादळाने याच देशातील बहुतेक घरांची छपरे उडविली होती, हे मी वाचून गेलो होतो. परंतु मनुष्याला जे विकत घ्यावयाचे असते त्याची उणी बाजू तो स्वतः होऊन उकरीत नाही.

सेंट जॉर्जेसच्या बंदरातून निघणारी लाँच दोन तासांच्या आत कॅरिअकूला पोहोचते. वाटेत समुद्राच्या पोटात किक-एम-जेनी नावाचा एक जागृत ज्वालामुखी आहे. 1939 साली तो प्रथम लोकांच्या ध्यानात आला. त्याच्या आसपास लाँच हेलकावे खाऊ लागली तेव्हा एक म्हातारी बाई मोठ्याने प्रार्थना म्हणू लागली, आणि सौभाग्यवतींनीही डोळे मिटून ओठ हलविले. कोणते स्तोत्र म्हटले ते मी विचारले नाही.

बेट सुमारे 13 चौरस मैलांचे. डोंगर बुटके, कोरडे, आणि नदी एकही नाही. मी जन्मभर पाण्याचा हिशोब केलेला माणूस. त्यामुळे इतरांच्या दृष्टीस समुद्र पडे तेव्हा माझ्या दृष्टीस पन्हळी पडत. प्रत्येक घराच्या छपराला पन्हळ आणि प्रत्येक पन्हळीखाली सिमेंटचे टाके. वर्षाचा पाऊस सुमारे चाळीस इंच धरला तर हजार चौरस फुटांच्या छपरावर 94 हजार लिटर पाणी पडते. त्यातील चौथाई वाया गेले तरी दोन म्हाताऱ्या माणसांना ते वर्षभर पुरून उरावे. हा हिशोब मी पाहुणघराच्या पायरीवर बसून पाकिटाच्या पाठीवर मांडला आणि मला एकाएकी त्या बेटाविषयी आपलेपणा वाटू लागला.

आपलेपणाला आणखीही कारणे होती. परसात आंबा, चिंच, नारळ आणि नीरफणस. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या झुडपांच्या शेंगा सौभाग्यवतींनी चुरगाळून पाहिल्या आणि त्या ओरडल्याच, "अहो, या तर तुरी!" खरोखरच तुरी होत्या. मूळची आपल्या देशची ही तूर आफ्रिकेतून गुलामांच्या वाटेने त्या समुद्रात जाऊन रुजली आहे. तेथील लोक ती हिरवीच सोलून शिजवितात. वरण मात्र त्यांच्या गावी नाही. शेळ्या व गुरे त्या दिवसांत दाव्याला बांधलेली असतात. पण तुरी निघाल्या की सगळी जनावरे मोकळी सुटतात, आणि पुन्हा पाऊस पडून पेरणी होईपर्यंत कोणाच्याही रानात कोणाचीही शेळी चरते. भाते झोडून झाली की आमच्याकडेही गुरे अशीच उनाड सुटत. दलाल मात्र म्हणाला, जागा घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात तारेचे कुंपण घाला.

ती जागा विंडवर्ड गावाच्या वरच्या अंगास, डोंगराच्या सोंडेवर होती. हे गाव नावा बांधणाऱ्यांचे. स्कॉटलंडहून आलेल्या सुतारांचे वंशज अजून तेथे किनाऱ्यावर लाकडी गलबते बांधतात. जागा सव्वा एकर. पूर्वेला समुद्र, त्यात पेटिट मार्टिनिकचा त्रिकोण, उत्तरेस युनियन बेटाचे सुळके, आणि मधोमध एक जुनी चिंच. चिंचेखाली उभे राहून सौभाग्यवतींनी स्वयंपाकघर कोणीकडे असावे ते ठरविले. किंमत आमच्या आवाक्यातली होती. परकीयाला तेथे जमीन घेण्यास सरकारचा परवाना लागतो. कागदात आपला उल्लेख 'एलियन' असा होतो. त्याची मला मौज वाटली होती. इतकी वर्षे परक्या देशी काढल्यावर आणखी एकदा परके होण्यास कसली हरकत?

चिंचेपासून शंभर पावलांवर एक लाकडी घर होते, आणि त्याच्या पायरीवर एक वृद्ध गृहस्थ दोर वळीत बसले होते. सारे गाव त्यांना अंकल म्हणे. दलाल मोटारीकडे गेला तेव्हा ते हळूहळू आमच्याकडे आले. आम्ही जागा पाहावयास आलो हे त्यांना अर्थातच ठाऊक होते. ते एवढेच म्हणाले, "ही कुटुंबाची जमीन आहे."

या शब्दांचा अर्थ मला पुढे दोन दिवसांत उमगला. त्या बेटांवरील गुलाम 1838 साली पूर्णपणे मुक्त झाले. ज्यांना स्वतःच्या देहावरही मालकी नव्हती त्यांनी पुढे काडीकाडी जमवून जमिनीचे लहान तुकडे घेतले, आणि घेताना मनात एकच गोष्ट धरली: ही जमीन कोणा एकाची नव्हे, माझ्या पोटच्या साऱ्यांची आणि त्यांच्या पोटच्यांची. मुलगा-मुलगी, औरस-अनौरस असा भेद नाही. ज्याला गरज असेल त्याने घर बांधावे, झाडाचे फळ खावे, म्हातारपणी परत यावे. विकू मात्र नये. ईडिथ क्लार्क या विदुषीने जमैकातील अशा जमिनींचे वर्णन 1957 साली ग्रंथरूपाने केले आहे. ते वाचताना मला लाज वाटली ती अशी की, आमच्या हिंदू कायद्याने एकत्र कुटुंबातील मुलीला जन्मसिद्ध वाटा दिला तो 2005 साली. या अडाणी म्हणविल्या गेलेल्या माणसांनी तो केव्हाच देऊन टाकला होता. सरकारी कायदा अर्थात इंग्रजी वळणाचा. त्याच्या दृष्टीने प्रत्येक वारसाचा वाटा निराळा, आणि एकाला विकावेसे वाटले की साऱ्यांची झोप उडालीच.

येथे विकावेसे वाटत होते ते अंकलच्या ब्रुकलिनमधील पुतण्याला. वारस एकंदर सतरा. कोणी हडर्सफील्डला, कोणी त्रिनिदादला, कोणी न्यूयॉर्कला. बारांच्या सह्या झाल्या होत्या, पाच राहिल्या होत्या. "पुतण्या वाईट नाही," अंकल म्हणाले, "तिकडे भाडे फार असते." मग त्यांनी आम्हाला चिंचेच्या पलीकडे नेले. तेथे काटेरी झुडपांत सात-आठ कबरी होत्या. एकीवर दगड नव्हता, नुसताच मातीचा उंचवटा. ती त्यांच्या आईची. त्या बेटावर कबरीवर दगड बसविणे हा मोठा विधी असतो. माणूस गेल्यावर वर्षे लोटली तरी चालतात, परंतु परदेशची सारी मंडळी जमावी लागतात. जनावर कापतात, जेवणावळ होते, आणि मोठे ढोल वाजवून क्रोमांती, इबो, मांडिंगो अशा आफ्रिकेतील वंशांच्या नावांनी नाच होतात. आईला जाऊन अकरा वर्षे झाली होती. मंडळी अजून जमावयाची होती.

मग अंकलनी मला विचारले, "तुमच्या वडिलांची जमीन कोठे आहे?"

"समुद्राकाठीच आहे. फार दूर."

"तेथे कोण राहते?"

"माझा भाऊ."

"मग ही कशाला?"

त्यांच्या स्वरात खोच मुळीच नव्हती. त्यांना खरोखरच कळले नव्हते, म्हणून त्यांनी विचारले. मी नातवाच्या सुटीचे आणि विमानाच्या पाच तासांचे काहीतरी सांगितले. त्यांनी मान हलविली आणि ते पुन्हा दोर वळावयास जाऊन बसले.

त्या रात्री मच्छरदाणीत आम्ही दोघेही जागे होतो. बऱ्याच वेळाने सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, त्या पाचजणांनी सही का केली नसेल?" मी म्हटले, "कोणास ठाऊक." त्या म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक असावयास हवे."

आता मला ती गोष्ट सांगितलीच पाहिजे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर चढले, तेव्हा आमच्या वडिलार्जित घराची कौले गेली, एक भिंत बसली, आणि पोफळींची बाग आडवी झाली. तेथे माझा धाकटा चुलतभाऊ राहतो. घर व जमीन समाईक. सातबाऱ्यावर 19 नावे, त्यांतील सहा माणसे केव्हाच स्वर्गवासी झालेली. घर नव्याने उभारण्यास त्याला कर्ज हवे होते, आणि कर्जास सर्व हिस्सेदारांची संमती. त्याने मला लिहिले होते, "दादा, हक्कसोड दे, नाहीतर निदान संमतिपत्र तरी पाठव." मी उत्तर धाडले, विचार करून कळवितो. त्या विचाराला त्या रात्री अडीच वर्षे होऊन गेली होती, आणि चुलतभाऊ ताडपत्रीखाली चौथ्या पावसाळ्याची वाट पाहत होता.

मला त्या जमिनीचा लोभ होता असे कोणी म्हटले तर मी रागावेन. पण मग दुसरे काय होते, हे मलाही नीट सांगता येत नाही. कॅनडाचा नागरिक झाल्यापासून मला भारतात शेतजमिनीचा एक गुंठाही विकत घेता येत नाही. वारशाने आलेली मात्र ठेवता येते. म्हणजे तो वाटा एकदा हातून गेला की पैसे टाकूनही परत मिळावयाचा नाही. सातबाऱ्यावरील त्या दोन आणे आठ पैच्या नोंदीत माझे नाव आहे, तोवर मी तेथला आहे, असे काहीसे मला वाटत असावे. हक्कसोडीच्या या भीतीपोटी मी साधी संमतीही अडवून धरली होती. कागदावरील आपले नाव जपण्यासाठी मी एका जित्या माणसाचे छप्पर रोखून ठेवले होते, आणि त्याच वेळी दुसऱ्या एका म्हाताऱ्याच्या आईच्या कबरीशेजारी स्वयंपाकघराची जागा आखीत होतो.

जागा आम्ही घेतली नाही. दलालाला मी वारसांच्या सह्यांचे कारण सांगितले, आणि ते खोटेही नव्हते. परंतु परतल्यावर लगेच मी भावाला संमतिपत्र धाडले असे जर वाचकांस वाटत असेल तर त्यांनी माझ्याविषयी फार चांगले मत करून घेतले आहे. कागद मेजाच्या खणात होता आणि तेथेच राहिला.

1 जुलै 2024 रोजी बेरिल नावाचे वादळ ताशी सुमारे 240 किलोमीटरच्या वाऱ्याने थेट कॅरिअकूवर आदळले. बेटावरील बहुतेक एकूण एक घराची मोडतोड झाली. 1955 सालचे जॅनेट पाहिलेली पिढी अजून तेथे होती. पण असे काही त्यांनीही पाहिले नव्हते. पाहुणघराच्या मालकीणबाईंना फोन लागावयास आम्हाला तीन आठवडे लागले. अंकल सुखरूप होते. घर गेले, चिंच मुळासकट गेली. टाके शाबूत होते. मी आणखी काही विचारण्याआधीच बाई म्हणाल्या की ब्रुकलिनचा पुतण्या पत्रे आणि लाकूड घेऊन आला आहे, आणि हडर्सफील्डहूनही दोघी आल्या आहेत. छप्पर झाले की तो जाणार, आणि जाण्यापूर्वी म्हातारीच्या कबरीवर दगड बसवावयाचा असे ठरले आहे. विक्रीचे काय झाले हे मी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी मी खणातला कागद काढला, वकिलातीत जाऊन साक्षांकित करविला आणि टपालाने धाडला. हक्कसोड नव्हे, संमतीच. पुढल्या महिन्यात चुलतभावाचा फोन आला. मी चार वर्षे लावल्याबद्दल तो एक अक्षरही बोलला नाही, हे मला फार लागले. त्याने पायाचा खर्च सांगितला, चिरा महागल्याचे सांगितले, आणि मग विचारले, "दादा, तुमच्यासाठी खोल्या किती काढू?"

मी काही बोलण्याच्या आत सौभाग्यवतींनी फोन माझ्या हातून घेतला. "भावोजी," त्या म्हणाल्या, "खोली एकच पुरे. पायऱ्या मात्र नकोत."