दार, बॉनेट आणि अडीच मिलिमीटर

इंग्लंडमध्ये घराच्या मागे परसात एक लाकडी खोपटं असतं, त्याला 'शेड' म्हणतात. गवत कापायचं यंत्र आणि जुने रंगाचे डबे ठेवायला ते असतं असं वरवर वाटतं. प्रत्यक्षात ते घरातल्या पुरुषाचं स्वतंत्र संस्थान असतं. तिथे कोणी रेडिओ दुरुस्त करतो, कोणी छोट्या आगगाड्या करतो आणि काही लोक चक्क रस्त्यावर चालणारी मोटार बांधतात. तिला 'किट कार' म्हणतात. गेली दोन वर्षं अस्मादिकही त्यातलेच.

या वेडाचं मूळ, इंग्लंडातल्या बऱ्याच वेडांप्रमाणे, करात आहे. १९५७ साली लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने 'सेव्हन' नावाची एक अगदी साधी, हलकी, दोन माणसांची उघडी गाडी काढली. तयार गाडीवर तेव्हा खरेदी कर होता, पण सुट्या भागांच्या संचावर तो लागत नसे. मग काय! लोकांनी खोकी घरी आणली आणि पाने घेऊन कामाला लागले. असं सांगतात की जोडणीच्या सूचना दिल्या तर कर लागला असता, म्हणून गाडी 'सुटी कशी करावी' याच्या सूचना दिल्या जात आणि गिऱ्हाइकाने त्या उलट्या क्रमाने वाचाव्यात अशी अपेक्षा असे. (आपल्या कर सल्लागारांनीही टोपी काढावी!) १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन नावाच्या गृहस्थाने अशी गाडी २५० पौंडांत कशी बांधावी यावर पुस्तक लिहिलं. एक इंच चौकोनी पोलादी नळ्या कापायच्या, वेल्ड करायच्या आणि जुन्या गाडीचं इंजिन त्यात बसवायचं. माझी गाडी याच घराण्यातली. इंजिन एका गंजून गेलेल्या माझदा एमएक्स-५ चं.

सांगाडा झाला, चाकं लागली, इंजिन चालू झालं. तेव्हा बायकोने एकदा शेडमध्ये येऊन सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, "दारं कुठायत?" या जातीच्या गाड्यांना दारं नसतात, फार तर कापडी पडदे असतात, हे मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग तू जा फिरून. मी बसणार नाही आणि पोरीलाही बसवणार नाही." हा मुद्दा कुठल्याही तांत्रिक युक्तिवादाने खोडता येण्यासारखा नव्हता. शिवाय तो बरोबर होता.

आता गाडीला दार लावणं म्हणजे काय, असं तुम्हाला वाटेल. घराला लावतोच की. पण घराची चौकट हलत नाही. गाडीची हलते. म्हणून पहिला नियम: गाडी जमिनीवर चारही चाकांवर, पूर्ण वजनासह उभी असतानाच दाराचं माप घ्यायचं. ठोकळ्यांवर ठेवून घेतलेलं माप गाडी खाली उतरल्यावर खोटं ठरू शकतं.

दुसरा नियम: सांगाड्याची बाजूची नळी कापायची नाही. ती कापून मोठं दार करणं म्हणजे तुळई काढून तिथे खिडकी बसवणं. पीळ सहन करायची सगळी ताकद या बाजूच्या नळ्यांच्या चौकटीत असते. म्हणून माझं दार त्या नळीच्या वरच्या भागापुरतं, बुटकं. बसताना नळीवरून पाय टाकून जावं लागतं, देवळाचा उंबरठा ओलांडल्यासारखं.

तिसरी गोष्ट बिजागरीची. दार समोरच्या कडेला टांगायचं, म्हणजे चालत्या गाडीत चुकून सुटलं तरी वारा ते बंद करायला बघतो. मागच्या कडेला टांगलं तर तोच वारा ते भसकन उघडतो. मग ताकदीचा हिशोब. माझं दार ७०० मिलिमीटर लांब आणि दोन बिजागऱ्यांमध्ये अंतर जेमतेम २५० मिलिमीटर. गाडी बुटकी, त्यामुळे उठताना माणूस हमखास उघड्या दारावर हात टेकतो. समजा त्याने टोकावर ४० किलो भार टाकला, तर वरच्या बिजागरीवर ओढ येते ४० गुणिले ७०० भागिले २५०, म्हणजे ११२ किलो. दाराचं स्वतःचं वजन वेगळंच. त्यामुळे घरगुती बिजागरी इथे चालत नाही. आणि दोन्ही बिजागऱ्यांचा आस एका रेषेत हवा, नाहीतर दार अर्ध्यावर अडतं. त्याची युक्ती सोपी आहे. दोन्ही बिजागऱ्यांमधून एकच सरळ सळई ओवायची, फटीत सगळीकडे ४ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या खोचायच्या आणि मग वेल्डिंगचे फक्त चार ठिपके द्यायचे. दार उघडून-मिटून बघायचं. पटलं तरच पुढचं वेल्डिंग, तेही थोडं इकडे, थोडं तिकडे. एका बाजूने सलग केलं तर थंड होताना धातू आकसतो आणि चौकट पापडासारखी वाकते.

हे सगळं मला शिकवलं शेजारच्या आजोबांनी. वय ऐंशीच्या पुढे, उभी हयात कॉव्हेंट्रीच्या मोटार कारखान्यांत पत्रा ठोकण्यात गेलेली. माझी पीएचडी धातूंच्या थकव्यावर आहे, म्हणजे वारंवार भार येऊन धातू कसा तुटतो ते मी संगणकावर सांगू शकतो. आजोबा ते पत्र्यावर नख वाजवून सांगतात. ॲल्युमिनियम ठोकता ठोकता कडक होतं आणि मग तडकतं, म्हणून ते मधूनमधून तापवून नरम करावं लागतं. पण लोखंडासारखं ते लाल होऊन इशारा देत नाही. ६६० अंशाला थेट वितळून खाली पडतं. आजोबांनी खिशातून धुण्याच्या साबणाची वडी काढली आणि पत्र्यावर घासली. "साबण काळा पडला की आच काढ, पोरा." तीनशे-साडेतीनशे अंशांचा तापमापक, किंमत काही पेन्स! पुण्याच्या तांबट आळीत तांबं ठोकून, तापवून, पुन्हा ठोकून भांडी घडवतात, ते मी लहानपणी पाहिलं होतं. धातू वेगळा, पण शास्त्र एकच.

बॉनेटची गोष्ट थोडी वेगळी. सेव्हन जातीच्या गाडीचं बॉनेट क्लिपा काढून अख्खं उचलून ठेवायचं असतं. एकट्याला ते जड नसतं, पण वाऱ्यात सांभाळणं कठीण आणि ठेवताना रंगावर ओरखडे ठरलेले. म्हणून बिजागरीचं करायचं ठरवलं. प्रश्न एवढाच, की बिजागरी पुढे की मागे?

इथल्या मोटरवेवर वेगाची मर्यादा ताशी ७० मैल, म्हणजे ११२ किलोमीटर. त्या वेगाला वाऱ्याचा दाब साधारण ६० किलो प्रति चौरस मीटर होतो. बिजागरी मागे, काचेजवळ असेल आणि पुढचं कुलूप सुटलं, तर वारा बॉनेटखाली शिरून ते उचलतो आणि काचेवर आपटतो. चालक आंधळा. म्हणून रोजच्या गाड्यांत बॉनेटला दुसरा, सुरक्षेचा आकडा असतो. बोटाने चाचपडून शोधावा लागतो तोच. बिजागरी पुढे असेल तर वाराच बॉनेट दाबून ठेवायला मदत करतो. १९६१ ची जॅग्वार ई-टाइप आणि १९६२ ची ट्रायम्फ स्पिटफायर यांची अख्खी नाकाडं अशीच पुढे झुकून उघडतात. मीही बिजागरी पुढेच घेतली. मागे दोन्ही बाजूंना कुलपं, शिवाय एक सुरक्षेचा आकडा. नाकाशी बॉनेट फिरताना कुठे घासतं हे बघायला आधी पुठ्ठ्याचं बॉनेट केलं. याला इथले लोक 'कॅड' म्हणतात, कार्डबोर्ड एडेड डिझाइन!

आणि आता अडीच मिलिमीटर. अशी गाडी रस्त्यावर आणण्याआधी 'इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल', थोडक्यात आयव्हीए, ही सरकारी परीक्षा द्यावी लागते. १९९८ मध्ये अशी चाचणी पहिल्यांदा आली आणि २००९ पासून ती या नावाने आहे. ब्रेक, दिवे, पट्टे, धूर, आरसे सगळं तपासतात. परीक्षकाकडे १०० मिलिमीटर व्यासाचा एक गोळा असतो. तो गाडीच्या बाहेरच्या भागाला जिथे टेकेल तिथली कड किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी. उद्या एखादा पादचारी धडकला तर तो पत्र्याने कापला जाऊ नये, हा हेतू.

पण माझा पत्रा आहे १.२ मिलिमीटर जाड. त्याची कड कितीही घासली तरी अडीच कशी होणार? उत्तर आपल्या पत्र्याच्या बादलीत आहे. बादलीच्या तोंडाची कड कधी हात फिरवून बघा. आत तार घालून पत्रा तिच्यावर वळवलेला असतो. मी दाराच्या आणि बॉनेटच्या सगळ्या कडा ४ मिलिमीटरच्या तारेवर वळवल्या. तारेची त्रिज्या २, वर पत्रा १.२, झाले ३.२. कड गोलही झाली आणि ताठही. बादली करणाऱ्या कारागिराला हे कुठल्या नियमावलीने शिकवलेलं नाही.

परवा फोनवर आई म्हणाली, "एवढं शिकलास आणि पत्रे ठोकतोस? विकत घे की!" तिला काही पटवता आलं नाही. पण फोन ठेवल्यावर सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार आठवले. त्यांनी भंगारातून एक छोटी जीप बांधली, खर्च सुमारे ६०,००० रुपये, आणि चालू करायला दुचाकीसारखी किक. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं, पण नियमांत बसत नसल्याने ती कधी ना कधी रस्त्यावर अडवली जाईल हेही सांगितलं आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. शेवट गोड झाला. पण मला एक गोष्ट टोचत राहिली. लोहारांच्या गाडीत नेमकं काय कमी होतं, कुठली कड घासायची, कुठली बिजागरी बदलायची, हे त्यांना सांगणारी परीक्षाच नव्हती. गाडी बेकायदा, एवढंच उत्तर.

आपल्याकडचा कायदा उगाच कडक नाही. रस्त्यावर इतकी माणसं मरत असताना कोणीही काहीही जोडून चालवावं असं मीही म्हणणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेत बदल केलेल्या वाहनांना नकार दिला. नव्या मॉडेलला मंजुरी देणारी एआरएआय सारखी संस्था तर पुण्यातच आहे, १९६६ पासून. पण ती वाट कंपन्यांची. एका माणसाने हौसेने बांधलेल्या एका गाडीसाठी इथल्यासारखी वेगळी परीक्षा आपल्याकडे नाही. मधल्या मधे काय होतं? हुशार माणूस एकतर गप्प बसतो, नाहीतर लपूनछपून चालवतो. दोन्हीत नुकसानच, आणि दुसऱ्यात जीवाला धोका.

इंग्रज कारागीर आपल्या कारागिरांपेक्षा सरस आहेत असं मला इथे कधीच वाटलं नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कुठलाही फॅब्रिकेशनवाला माझं दार माझ्या निम्म्या वेळात करेल. फरक एवढाच, की इथे शेडपासून रस्त्यापर्यंत एक वाट आहे. अरुंद, कटकटीची, फी भरायला लावणारी, पण आहे. आणि त्या वाटेवर उभा असलेला माणूस "तू कोण?" असं न विचारता "तुझी कड किती गोल?" असं विचारतो.

माझी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. १०० मिलिमीटरचा एक लाकडी गोळा आणून रोज संध्याकाळी मी तो गाडीवरून फिरवतो. पोरगी मागून टॉर्च धरते. बायको अजून गाडीत बसलेली नाही. "आधी सर्टिफिकेट दाखव," म्हणते. परीक्षक तिच्यापेक्षा कडक निघेल असं काही मला वाटत नाही.