बायकांचा वॉर्ड, जुलै

८ जुलै, सोमवार
खाट ९ वर आजी आल्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून घरी पाठीवरच पडून. माकडहाडावर बेडसोअर. सोबतच्या कागदांत जखमेबद्दल एकच ओळ: 'ड्रेसिंग केलं, जखम बरी आहे.' कशापेक्षा बरी?

कागदी पट्टीने मापलं. डोक्याकडची बाजू घड्याळातले १२ धरायची. १२ ते ६ लांबी, ३ ते ९ रुंदी. ५ बाय ४ सेंमी, खोली दीड. ओला स्वॅब कडेखाली सरकवला तर २ च्या दिशेला २ सेंमी आत गेला. म्हणजे वरून दिसते त्याहून जखम मोठी. तळ निम्मा पिवळा चिकट, निम्मा लाल. हाड किंवा स्नायू उघडा नाही; स्टेज ३. वास मात्र सलाइनने धुतल्यावरच बघायचा. जुन्या गॉजची घाण जखमेच्या नावावर कशाला?

१० जुलै, बुधवार
खाट १२, अर्धांगवायू. ब्रेडन स्केलवर १३. हे स्केल १९८७ चं. ६ ते २३ गुण, १८ किंवा खाली आले की पेशंटला बेडसोअरचा धोका. पुस्तक म्हणतं, दाबल्यावर न जाणारी लाली शोधा. आमच्या पेशंटच्या सावळ्या कातडीवर ती लाली कुठली दिसायला! हाताची पालथी बाजू टेकवली: डावी टाच उजवीपेक्षा गरम, घट्ट. तेवढंच लिहिलं. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवली.

१२ जुलै
नाइट. दर दोन तासांनी कूस बदलणं. मदतीला वॉर्डबॉय मामा एकच, बाकी काय लिहायचं.

१५ जुलै, सोमवार
सर्जननी शनिवारी आजींचा पिवळा थर काढला. आज माप ५.५ बाय ४.५, खोली २. मुलगा घाबरला, "सिस्टर, जखम वाढली हो!" त्याला दोन्ही नोंदी दाखवल्या: तेव्हा तळ निम्मा पिवळा, आज सगळा लालभडक, दाणेदार. आकडा वाढला तो मेलेला भाग काढल्यामुळे, आणि हे कारण मापाशेजारीच लिहायला हवं. नाहीतर रात्रीची सिस्टर नुसता आकडा बघून डॉक्टरांना उठवेल. पुढे भरत आली तरी हिची स्टेज २ होत नाही, 'भरत असलेली स्टेज ३' असंच लिहायचं.

आजींना मापाशी घेणं नाही. "पोरी, आधी चहा, मग तुझी पट्टी." दुखणं विचारलं, १० पैकी ७ म्हणाल्या. ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी गोळी द्यायची ऑर्डर राउंडलाच घेतली.