तूस असलेलं धान्य

आमच्या घरी पहाट अब्बांच्या खोकल्याने होते. आधी खोकला, मग भिंतीवरून सरकणाऱ्या हाताचा आवाज, मग वुजूच्या पाण्याचा. काचबिंदूने नजर गेल्यापासून भिंत हाच त्यांचा रस्ता. यात गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग कुरआन कोण वाचणार?"

प्रश्न मलाच होता. घरात उर्दू-मराठी दोन्ही जाणणारी, बीएड झालेली, मुलांना वाचायला शिकवून पगार घेणारी मीच. तरी पंधरा दिवस टाळलं. सकाळची एसटी गाठायची असते. भोरहून कापूरहोळ, तिथून नसरापूर आणि मग मार्गासनीवरून वेल्ह्याकडे. डबे, मुलाचा युनिफॉर्म, दूध. ही कारणं खोटी नव्हती. पण खरी गोष्ट अशी की माझी तिलावत रमजानपुरती उरली होती, आणि तीही पानं मोजत. अब्बा एका ओळीत ओळखतील, याची भीती वाटत होती.

ओळखलंच त्यांनी. पहिल्याच दिवशी 'ऐन'च्या उच्चाराला थांबवलं. "घाई कसली बेटा? एक बस गेली तर दुसरी येते." (वेल्ह्याच्या बसला हे लागू नाही, पण मी गप्प राहिले.) चुकल्यावर माझ्या वर्गातली पोरं खाली मान घालून अंगठ्याने जमीन उकरतात, तशी माझी गत झाली होती.

पुढे सवय झाली. वाचून झालं की कोरा चहा, त्यात आल्याचा तुकडा आणि त्यांची बशी. खरं सांगू का, दिवसातली सगळ्यात निवांत दहा मिनिटं तीच.

एका सकाळी सूरह रहमान आली. 78 आयती, आणि त्यांत एकच प्रश्न 31 वेळा विचारलेला. अब्बांना ती तोंडपाठ, त्यामुळे लवकर आटपली. वेळ उरला म्हणून मी मराठी तर्जुमा उघडला. चंद्र-सूर्य हिशोबाने चालतात, तराजू नीट धरा, जमीन, फळं, खजूर असं वाचत गेले आणि तूस असलेल्या धान्यापाशी आले.

"थांब. काय म्हणालीस?"

"तूस असलेलं धान्य."

"तू मनाने तर लावत नाहीस ना अर्थ?"

मी उर्दू तर्जुमाही काढून वाचला. तिथेही भुसाचं धान्य होतं. अब्बा बराच वेळ बोलले नाहीत.

अब्बांचं आयुष्य वेल्ह्याच्या भात गिरणीत गेलं. दिवाळीनंतर खळी उठली की गिरणी रात्री उशिरापर्यंत चालायची. भात आत जायचं आणि तूस, कोंडा, कणी, तांदूळ असं वेगळं होऊन बाहेर यायचं. घरी आले की त्यांच्या भुवयांवरही तूस असायचं. अम्मी त्यांना दारातच थांबवून कपडे झटकायला लावायची. तूस आणि कोंडा एकच समजणाऱ्या माणसाला ते आजही अडाणी म्हणतात.

"साठ वर्षं म्हणतोय मी ही सूरह," ते शेवटी म्हणाले, "आणि त्यात तूस आहे? पुढे काय आहे?"

"सुगंधी वनस्पती."

"मग आंबेमोहोर."

अरबस्तानात भात कुठला, ते धान्य गव्हा-जवाचं असणार, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मास्तरणीची खोड. पण ते हसत होते, आणि नजर गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. ती बस चुकली. शाळेत उशिराचा शेरा बसला.

संध्याकाळी त्यांनी आंबेमोहोराचाच भात करायला सांगितला. वाफ आली तशी भिंत न धरता उठून स्वयंपाकघरात आले.

जेवताना म्हणाले, "उद्या यासीनचा तर्जुमा वाच."

यासीन अम्मीची. तिला ती पाठ होती. शेवटच्या आजारातही ओठ हलत असायचे. उशाशी बसून मी ऐकायचे, पण अर्थ एकदाही वाचून दाखवला नाही. तिने कधी मागितला नाही, असं मी स्वतःला सांगते. मागायला तर अब्बांनाही साठ वर्षं लागली.

आठ दिवस झाले. रोज दुसरीच एखादी सूरह काढते. अब्बांच्या ते लक्षात आलंय. ते काही बोलत नाहीत, चहाची बशी तेवढी माझ्याकडे सरकवतात.