बदलीचे खरे कारण

बदली मागणाऱ्या शिक्षकाजवळ कारण तयार असते. आईचे आजारपण, पत्नीची नोकरी, मुलांचे शिक्षण. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून मी अशी कारणे पुष्कळ ऐकली; ‘साहेबांशी पटत नाही’ हे मात्र कुणी तोंडाने सांगत नाही.

कंपनीतला मुलगा साहेबाला कंटाळला की पुण्याची नोकरी सोडून हैदराबादची धरतो. आमच्या आदिलाबादकडे सरकारी नोकरी कोण सोडणार? गुरुजी दुसरे मंडल मागतात, वैद्यकीय रजा टाकतात, वीस वर्षे भरली की स्वेच्छानिवृत्तीचा हिशेब मांडतात. तोवर ते वर्गात उभे असतात, पण शाळा त्यांनी मनातून केव्हाच सोडलेली असते. हजेरीपटावर हे सोडणे दिसत नाही.

माझ्या उमेदवारीच्या काळात एका शाळेत (नाव नको) गणिताचे एक मराठी गुरुजी होते. शिकवणे असे, की पोरे मधल्या सुट्टीतही फळ्यापाशी थांबत. तिथल्या मुख्याध्यापकांना मेमो देण्याची भारी हौस. मेमो तेलुगूत. गुरुजींना तेलुगू बोलता येई, वाचता येत नसे. त्यामुळे आपल्यावरचा मेमो दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा, तोही भर स्टाफरूममध्ये. दहा मिनिटांच्या उशिराची शिक्षा दहाजणांच्या देखत व्हायची. दोन वर्षांत गुरुजी किनवटकडच्या एका खाजगी संस्थेत निघून गेले, तेही कमी पगारावर. किनवट 1956 पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते. लोकांना वाटले, गडी आपल्या माणसांत गेला. खरे कारण त्या मेमोत होते.

मोठ्यांच्या बाबतीतही वेगळे नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर पुण्याच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक होते. 1874 साली त्यांनी ‘निबंधमाला’ काढली, पुढे त्यांची बदली रत्नागिरीला झाली आणि 1879 मध्ये त्यांनी सरकारी नोकरीला रामराम ठोकला. 1 जानेवारी 1880 रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. एका बदलीतून एवढे निघेल, हे बदली करणाऱ्या साहेबाच्या स्वप्नातही नसेल! पण गंमत पुढेच आहे. त्याच शाळेतून 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली आणि 1890 मध्ये टिळकांनी तिचाही राजीनामा दिला. तिथे कुणी गोरा साहेब नव्हता. आजीव सभासदांनी बाहेरची कमाई करावी की नाही, अशा प्रश्नांवरून सहकाऱ्यांतच बिनसले होते. तो राजीनामाही लांबलचक होता. टिळकांनी कारणे मनात ठेवली नाहीत. आमचे गुरुजी दोन ओळींत आटोपतात.

असो. खेड्यातल्या शिक्षकाला सरकार म्हणजे त्याचा मुख्याध्यापक. मंत्री, संचालक, जिल्हा शिक्षणाधिकारी त्याला वर्षातून एकदाही दिसत नाहीत. रजा, किल्ली, वेळापत्रक, चारचौघांतला बोल, सगळे एकाच खुर्चीतून येते. म्हणून मी मेमो लिहिण्याआधी माणसाला खोलीत बोलावतो, दार लोटून घेतो, आणि तो ज्या भाषेत रागावू शकेल त्या भाषेत बोलतो. माझी तेलुगू ऐकून तेलुगू मंडळी रागावण्याऐवजी हसतात, तोही एक फायदाच.

यंदा आमच्या एका तेलुगू बाईंनी बदली मागितली. कारण, सासूबाईंची तब्येत. मी त्यांना बसवले, चहा मागवला आणि माझ्याविषयी काही असेल तर मोकळेपणाने सांगा म्हटले. बाई गोंधळल्या. म्हणाल्या, “नाही सार, सासूबाई खरंच आजारी आहेत.”