कॉपी

दहावीच्या केंद्रावर बैठ्या पथकात मी बसले आहे. मोज्यातून, पॅडच्या मागून, कंपासपेटीच्या झाकणातून चिठ्ठ्या काढल्या आहेत. पोरगं स्वतः लिहितंय की त्याला मागून कुणी सांगतंय, हे मला त्याच्या मानेवरून कळतं. माझ्या मुलाच्या बाबतीत मात्र दोन वर्षं मीच मागून उत्तरं सांगत होते. मुलाचं नाव इथं लिहीत नाही. मोठा झाल्यावर ते लिहायचं की नाही, हे त्यानं ठरवावं.

पहिला कागद हातात आला तो दीड वर्षाच्या बूस्टरच्या वेळी. एम-चॅट म्हणतात त्याला. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी वीस प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. बाकावर बसून, तो मांडीवर चुळबुळत असताना, मी तो पेपर सोडवला. सोडवला हाच शब्द बरोबर आहे. बहुतेक प्रश्नांना ‘हो’ हे चांगलं उत्तर, पण तीन प्रश्न उलटे असतात: मूल बहिरं असेल अशी शंका कधी आली का, डोळ्यांजवळ बोटांच्या विचित्र हालचाली करतं का, रोजच्या आवाजांनी बिथरतं का. पंधरा वर्षं प्रश्नपत्रिका काढणाऱ्या बाईला उलटा प्रश्न लांबून दिसतो. तिन्हींपुढं ‘नाही’वर खूण केली आणि स्वतःवरच खूश झाले. त्याच सकाळी चटणीसाठी मिक्सर लावला, तेव्हा तो कान दाबून मोरीत जाऊन बसला होता.

बोट दाखवण्याबद्दल दोन वेगळे प्रश्न होते. हवी असलेली वस्तू मागायला बोट दाखवतो का, आणि काही गंमत तुम्हाला दाखवायला बोट दाखवतो का. मला वाटलं, कागद भरायला एकच प्रश्न दोनदा घातलाय. तो काय करायचा, तर माझं मनगट धरून फ्रिजपर्यंत न्यायचा आणि माझा हात दारावर ठेवायचा. चेहऱ्याकडे बघायचा नाही. उचकटणी वापरावी तसा माझा हात वापरायचा. मी दोन्हीकडे ‘हो’ केलं. मूल आभाळातलं विमान दाखवतं आणि वळून आईकडे बघतं, तुलाही दिसलं ना म्हणून. त्यात मागणी काही नसते, नुसती सोबत हवी असते. हे मला पुढं कुणीतरी समजावून सांगितलं, तेव्हा मी सगळे दिवस आठवून पाहिले. तसं तो एकदाही वळला नव्हता.

गुण आले दोन. या कागदात कमी गुण चांगले. तीन ते सात आले तर एकेक उत्तर पुन्हा खोदून विचारतात, आठपासून पुढं थेट तपासणीला पाठवतात. डॉक्टर म्हणाले, “आत्ता ठीक दिसतंय, दोन वर्षांचा झाला की परत भरू.” दोन वर्षांचा झाला तेव्हा मी गेलेच नाही. तेव्हा लस नव्हती ना!

त्याच्याही चार महिने आधी आत्या बोलल्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, चौथीपर्यंत शिकलेल्या. एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाल्या, “हाक मारली तर बघंना गं ह्यो. पण वाटी पडली की लगीच बघतोय.” याहून नेमकं निरीक्षण पुढं कुठल्याही तज्ज्ञाकडून मी ऐकलं नाही. मी काय उत्तर दिलं? “आत्या, तुमचा मुलगा तरी कुठं लवकर बोलला होता?” त्या गप्प झाल्या. नंतर कधी विषय काढला नाही.

त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी पोपटानं उष्टावलेला पेरू द्यायला सांगितलं होतं, आणखी कुणी वेखंड उगाळून जिभेला लावायला. या सगळ्याला मी हसले. हसले ते ठीक. पण आत्यांचं म्हणणंही मी त्याच टोपलीत टाकलं. अडाण्यांच्या गोष्टी. शिकलेपणाचा माझा हा माज घरात कुणाला दिसला नाही, कारण घरात शिकलेली मीच होते.

सव्वादोन वर्षांचा असताना कानांची बेरा तपासणी केली. त्याला झोपेचं औषध देऊन, डोक्याला तारा चिकटवून. कान उत्तम निघाले. मी पेढे वाटले नाहीत एवढंच. तो ए टू झेड म्हणायचा, टीव्हीवरच्या जाहिराती सुरासकट म्हणायचा. पाहुणे आले की मी म्हणून दाखवायला लावायची. पाणी मागायला मात्र त्याच्याकडे शब्द नव्हता. हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि मी त्यातलं एकच सांगत होते.

इथं एक कबुली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा आमच्या शाळेत येतं, अंगणवाडीत दोनदा. पोरांच्या याद्या मीच करते. उशिरा बोलणारी, हात फिरवत बसणारी मुलं मी स्वतः जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी या तपासणी केंद्राकडे धाडली आहेत, आईबापांना “घाबरू नका, फुकट तपासतात” असं सांगून. ते केंद्र माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. तिथं मी माझ्या मुलाला नेलं नाही. कुणी पालक दिसला असता तर? पुण्यातली वेळ घेतली, ती चार महिन्यांनंतरची मिळाली, आणि शाळेत रजेचं कारण लग्न लिहिलं.

त्या चार महिन्यांत मी त्याची तयारी करून घेतली. चित्रकार्डं, ‘नमस्कार कर’, ‘नाव सांग’. साडेतीन वर्षांचं पोर रोज संध्याकाळी एक तास. तपासणीच्या दिवशी मॅडमनी साबणाचे फुगे काढले, दोनतीन उडवले आणि थांबल्या. काडी ओठांशी धरून नुसत्या थांबल्या. त्या शांततेत तो काय करतो, हेच त्यांना बघायचं होतं: त्यांच्याकडे बघतो का, काडी ओढतो का, की उठून जातो. मला ती शांतता सोसेना. “बाळा, अजून म्हण! अजून!” तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “आई, मला उत्तर नकोय.” बस्स, एवढंच. कान गरम झाले. परीक्षार्थीला मागून सांगणाऱ्या पालकांना मी केंद्राबाहेर काढते, अगदी याच आवाजात.

मग त्यांनी घरचे व्हिडिओ मागितले. माझ्या मोबाइलमध्ये शेकड्यानं होते, आणि प्रत्येकात तो कॅमेऱ्याकडे बघत होता. कारण न बघणारे मी काढून टाकले होते. नणंदेच्या लग्नात तो मांडवात बसून अर्धा तास स्टीलची ताटली फिरवत होता, तो व्हिडिओ तर त्याच रात्री काढून टाकला. नवऱ्यालाही काढून टाकायला लावला. आम्ही रिकाम्या हातानं बसलो होतो तेव्हा आत्यांनी पिशवीतून आपला फोन काढला. त्यांना काही पुसून टाकता येत नाही. लग्नातली ताटली, पंख्याखाली उताणा पडलेला तो, तिरक्या डोळ्यांनी दाराच्या फटीकडे बघणारा तो, सगळं होतं. मॅडमनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

ऑटिझम. नाव मिळालं त्या दिवशी परतीच्या एसटीत मी रडले नाही. रडले ती महिनाभरानं, फाइल लावताना तो जुना वीस प्रश्नांचा कागद सापडला तेव्हा. खुणा माझ्याच पेनाच्या, ठळक. नक्की किती महिने गेले, याचं गणित मी मांडत नाही. मांडलं की मी रात्रभर तेच करते आणि सकाळी त्याच्या स्पीच थेरपीला उशीर होतो.

अपंगत्व प्रमाणपत्राला मी वर्षभर नाही म्हटलं. शेवटी गेलो. तिथं इसा नावाची मोजपट्टी वापरतात, आपल्याच देशात बनवलेली: चाळीस वाक्यं, प्रत्येकाला एक ते पाच गुण. क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, बहुतेक वेळा, नेहमी. सत्तरच्या खाली आलात तर ऑटिझम नाही. हे मी आधीच वाचून गेले होते, सवयच ती. या वेळी जिल्हा रुग्णालय, आणि रांगेत माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई. तिनं नुसती मान हलवली, मीही हलवली.

“नजरेला नजर देत नाही?” समोरच्या बाईंनी विचारलं.

“कधीकधी,” मी म्हणाले.

आत्या शेजारी होत्या. काही बोलल्या नाहीत, फक्त पदर सावरला. तो टेबलाखाली बसून माझ्या चपलेचा बंद उघडझाप करत होता.

“थांबा,” मी म्हणाले. “खोडा ते. बहुतेक वेळा लिहा.”