बॅटरी हलकी निघाली, रात्र जड गेली



आज पिकाबद्दल नाही, पीक राखणाऱ्या एका वस्तूबद्दल लिहितो. जानेवारीतली गोष्ट आहे. इतके दिवस लिहू की नको करत होतो, कारण त्यात शहाणपणा कमी आणि माझीच चूक जास्त आहे. पण परवा शेजारच्या गावातल्या एका भावाने तसलीच बॅटरी आणलेली पाहिली, म्हणून लिहायला बसलो.

आमचं वावर देवलापारच्या बाजूला, पेंचच्या जंगलाला लागून. रब्बीत हरभरा आणि थोडा गहू. हरभऱ्याला घाटे धरले की डुकरं आणि रोही रात्री वावरात उतरतात, म्हणून जागल चुकत नाही. त्यात शेतीची लाईन बरेचदा रात्रीच मिळते, म्हणजे ओलितही रात्रीच. एक जण मचाणावर, एक जण स्प्रिंकलरचे पाईप बदलायला. नाल्याच्या खालच्या अंगाला मोबाईलची रेंज नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी लायसन न लागणारे दोन छोटे वॉकीटॉकी सेट घेतले. वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज स्वच्छ जातो, आम्हाला तेवढंच पाहिजे होतं.

यंदा एका सेटची बॅटरी म्हातारी झाली. रात्रभर चालायची, ती बारा वाजताच बसू लागली. डिसेंबरात नागपूरला गेलो तेव्हा बर्डीत विचारलं. एका दुकानात कंपनीची बॅटरी ९०० रुपये सांगितली, तीही मागवावी लागेल म्हणाले. दुसऱ्या दुकानात तशीच दिसणारी, त्याच नावाची, ३५० रुपयांत हातात ठेवली. जुनीवर १५०० एमएएच लिहिलेलं, हिच्यावर २८००. मला वाटलं, स्वस्त आणि वरून दुप्पट ताकदीची. बिल मागितलं नाही. पुतण्या सोबत होता. त्याने बॅटरी तळहातावर उचलून पाहिली आणि म्हणाला, "काका, हे लय हलकी लागून राह्यली."

मी म्हणालो, "नवीन माल असाच राहते बाबू." आणि विषय संपवला.

घरी आणून चार्ज केली, अंगणात दोघांनी हॅलो-हॅलो करून पाहिलं. चाललं. वीसेक दिवस तक्रार नव्हती. खरं म्हणजे ते दिवस आम्ही दोघं एकाच धुऱ्यावर असायचो, सेटवर बोलायची वेळ क्वचितच यायची.

मग ती रात्र. थंडी कडाक्याची. पुतण्या मचाणावर नवी बॅटरी टाकलेला सेट घेऊन, मी खालच्या बांधीत पाईप बदलत, एकटाच. रात्री दीडच्या सुमारास त्याला धुऱ्यावरून वाघ चालत जाताना दिसला, माझ्याच दिशेने. त्याने बटन दाबलं. सेट एकदा टीं वाजला आणि बंद. पुन्हा चालू केला, हिरवा दिवा लागला, पुन्हा बटन दाबलं, पुन्हा बंद. मी त्याच वेळी सेटवर विचारत होतो की वरच्या लाईनला पाणी पोचलं का. माझा आवाज त्याला स्वच्छ येत होता. त्याचा मला येत नव्हता. तो ओरडला, डबा वाजवला, पण वारं माझ्याकडून त्याच्याकडे होतं आणि इकडे स्प्रिंकलरची फटफट. मला काहीच ऐकू आलं नाही. उत्तर नाही म्हटल्यावर वाटलं, पोरगं झोपलं. मनात शिवीही हासडली आणि पाईप बदलत राहिलो.

सकाळी ओल्या मातीत पंजे पाहिले. मी ज्या जोडावर वाकलो होतो तिथून चाळीस पावलं मोजली. वाघ आपल्या रस्त्याने आला आणि गेला, त्याला दोष नाही. पण पुतण्याचा चेहरा मी विसरणार नाही. तो म्हणाला, "तुमचं मले सारं ऐकू येत होतं काका, माह्यंच तुमच्यापर्यंत जात नव्हतं." मी त्याला झोपाळू समजत होतो, तेव्हा तो मचाणावर घसा फोडत होता.

आता मुद्द्यावर येतो. दिवा हिरवा, ऐकू येतंय, आणि बोलायला गेलं की बंद, हे काय गौडबंगाल?

आमच्या मोटारवाल्या मेकॅनिकने मीटर लावून दाखवलं. सेट नुसता ऐकत असतो तेव्हा फार थोडा करंट घेतो. बटन दाबून बोललं की कितीतरी पट जास्त ओढतो. चांगला सेल तो भार सहन करतो. हलक्या सेलचा व्होल्टेज भार पडला की खाली बसतो आणि सेट बंद पडतो. बटन सोडलं की व्होल्टेज परत वर, म्हणून दिवा पुन्हा हिरवा. या बॅटरीवर ३.७ व्होल्ट लिहिलेलं, फुल चार्जला मीटर ४.२ च्या आसपास दाखवत होता, म्हणजे बिनभाराची एकदम तंदुरुस्त. बटन दाबलं की काटा कोसळायचा. थंडीत लिथियमचे सेल आणखी सुस्तावतात, म्हणून अंगणात दुपारी पास झालेली बॅटरी जानेवारीच्या रात्री नापास झाली. म्हणजे असली बॅटरी गरज नसते तेव्हा चालते आणि बोलायच्या नेमक्या वेळीच दगा देते.

आपण सोयाबीनचं घरचं बियाणं पिशवी पाहून पेरत नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो, सत्तरच्या वर उगवले तर पेरतो. बियाण्याला जे करतो ते मी बॅटरीला केलं नाही. आता करतो ते असं:

१. वजन. किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर जुनी आणि नवी ठेवा. माझी जुनी ४६ ग्रॅम भरली, नवी २९. लिथियम सेलमध्ये ताकद साठते ती आतल्या मालात. माल कमी तर ताकद कमी, वर काहीही छापा. तेवढ्याच आकारात दुप्पट आकडा आणि वजन मात्र कमी, हे गणितच जमत नाही. टॉर्चमध्ये येतात ते गोल १८६५० सेल पाहा. चांगल्या कंपन्यांचेही साधारण ३५०० एमएएचपर्यंतच जातात आणि बाजारात ९९०० छापलेले मिळतात.

२. लेबल. जुन्याशेजारी नवं धरून वाचा. अक्षरांची जाडी, कंपनीच्या नावाचं स्पेलिंग, व्होल्टेज, बनवल्याची तारीख. माझ्या बॅटरीवर तारीखच नव्हती आणि स्टिकर नखाने निघालं. लिथियम बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोची खूण, आयएस १६०४६ आणि "आर" अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी नंबर पाहिजे. नुसता नंबर पाहून थांबू नका, नंबर कोणीही छापतो. बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. तिथे कंपनी, ब्रँड आणि वस्तू दिसते. ती हातातल्या मालाशी जुळली पाहिजे.

३. बसणं. बॅटरी खाचेत टक्क आवाज करून बसली पाहिजे. सेट कानाजवळ हलवा. खडखड आली तर कमरेला लावून चालताना मधेच करंट तुटणार. पितळी टोकंही पाहा. हलक्या मुलाम्याची टोकं दवाने महिन्यात काळी पडतात.

४. चार्जिंग. रिकामी झालेली बॅटरी अर्ध्या तासात फुल दाखवत असेल तर खूश होऊ नका, तिच्या पोटात जागाच थोडी आहे. हाताला चटका बसण्याइतकी तापली किंवा जरा जरी फुगली तर वापर बंद. चार्जरही सेटसोबत आलेलाच वापरा. आणि रात्री उशाशी चार्जिंगला लावून झोपू नका.

५. भाराची परीक्षा. हीच खरी उगवण चाचणी. फुल चार्ज करा, संध्याकाळी थंडावा पडल्यावर दोघं वावराच्या दोन टोकांना जा. दर पंधरा मिनिटांनी बटन दाबून सलग अर्धा मिनिट बोला आणि वहीत वेळ लिहा. चांगल्या बॅटरीसोबत एकदा, नवीसोबत एकदा. माझी नवी बॅटरी या परीक्षेत पावणेदोन तास टिकली. कंपनीची पहाटेपर्यंत गेली.

बॅटरी स्वतः फोडून पाहू नका. फुटलेला लिथियम सेल पेट घेतो. जागलीच्या शेकोटीजवळ ठेवू नका आणि निकामी झालेली शेकोटीत तर चुकूनही टाकू नका.

अँटेनाबद्दलही एक सांगतो. "लांब अँटेना लावा, डबल रेंज" असं सांगणारे भेटतील. सेटच्या फ्रिक्वेन्सीशी न जुळणारी अँटेना लावली तर ताकद बाहेर जाण्याऐवजी परत सेटमध्येच येते, रेंज घटते आणि आतला भाग तापून जाऊ शकतो. आमच्या सेटची अँटेना बॉडीलाच पक्की आहे, ती तशीच बरी.

पूर्ण सेट नवा घेणार असाल तर कायदाही माहीत असू द्या. २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी ताकदीचे सेट विनालायसन वापरता येतात. बाकीच्यांना लायसन लागतं. विनालायसन सेटलाही दूरसंचार विभागाची ईटीए मंजुरी असावी लागते. ऑनलाइन असले बिनमंजुरीचे सेट सर्रास विकले जात होते. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना १३ नोटिसा काढल्या आणि त्याच महिन्यात विक्रीसाठी मार्गदर्शक सूचनाही आल्या. तेव्हा फ्रिक्वेन्सी आणि ईटीए लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. पोलीस, वनखातं यांच्या फ्रिक्वेन्सीत आपला आवाज घुसला तर जंगलाच्या काठी ते फार महागात पडेल.

दुकानात परत गेलो होतो. ते म्हणाले, "आमचीच आहे कशावरून?" बिल नव्हतं, मी काय सांगणार. दुकानाचं नाव लिहीत नाही, निम्मी चूक माझी आहे. बियाण्याची पक्की पावती, पिशवी, टॅग, मूठभर दाणे जपून ठेवा असं कृषी सहायक दर खरिपात सांगतात आणि आपण ऐकतो. मग ३५० रुपयांच्या बॅटरीला पावती कशाला, असं वाटलं होतं. पावती असती तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर निदान तक्रार करता आली असती. फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीलाही हेच लागू. वजन करा, भरलेला पंप चालवून वेळ मोजा, पावती घ्या.

शेवटी ९०० वाली मागवली. पण त्याहून मोठा बदल दुसराच केला. आता दर अर्ध्या तासाला सेटवर हाक द्यायची. उत्तर नाही आलं तर समोरचा झोपला असं समजायचं नाही, काहीतरी अडलं असं समजायचं. काम तिथेच थांबवायचं आणि मोठा टॉर्च मचाणाकडे तीनदा फिरवायचा. दोघांच्याही गळ्यात शिटी, तिला बॅटरी लागत नाही.

आणि पुतण्या कोणतीही वस्तू तळहातावर उचलून "काका, हलकी आहे" म्हणाला, की मी आता आधी काटा मागतो.