उसनी बाटली

आमच्या गावात मधुमेहाला 'शुगर' म्हणतात आणि इन्सुलिनला 'सुई'. २०२० साली आईला सुई सुरू होऊन सहा वर्षं झाली होती. सकाळी १८ युनिट, संध्याकाळी १०. बाटलीत ४०० युनिट, म्हणजे एक बाटली चौदा दिवस. आईला लिहिता-वाचता येत नाही, पण हा हिशेब तोंडपाठ. कुठली बाटली कधी संपणार, हे ती तिथीवर बांधून ठेवायची.

त्या वर्षी २५ मार्चला गुढीपाडवा आला आणि त्याच दिवसापासून देश बंद झाला, २१ दिवसांसाठी. एसटी बंद, आठवडी बाजार बंद. पोरांनी वेशीत बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. आईनं गुढी उभारली, पुरणपोळीचा निवद दाखवला, आणि स्वतः चतकोर खाऊन म्हणाली, "सुई रामनवमीपातूर पुरंल. म्होरलं बारा दिस कसं काढायचं?"

बाकीचं तिनं तिच्या परीनं बसवलं. रानात जाणं थांबलं तसं ती अंगणात फेऱ्या मारू लागली. ओट्यावर चाळीस चिंचोके. दर फेरीला एक इकडून तिकडं. पायाला बधिरपणा, चटका कळत नाही, म्हणून अंगणातसुद्धा चप्पल. बाजार नाही म्हणून भाजी नाही. मग मटकी, हुलगा, शेवग्याचा पाला. पुढं रेशनवर माणशी ५ किलो फुकट तांदूळ आला आणि घराघरात दोन्ही वेळ भात शिजू लागला. आई आपल्यापुरती एकच भाकरी थापायची आणि वाटीभर कालवणाबरोबर खायची. सुई घेतली की जेवण लांबवायचं नाही, हा तिचा नेम. उशाला साखरेची पुडी असायची. हातपाय थरथरले, घाम फुटला, तर तेवढीच साखर तिला चालायची.

सुईचं मात्र जमेना. आमच्याकडं फ्रीज नव्हता. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात बाटली. पण मडकं बाटली थंड ठेवील, वाढवील कशी? दुधाच्या टेम्पोला तालुक्याला जायची मुभा होती. ड्रायव्हरकडं चिठ्ठी दिली. तो दोनदा रिकामा आला. दुकान उघडं होतं, पण माल येत नव्हता.

गावात तीच सुई आणखी एका घरात होती, माझ्या थोरल्या चुलतीकडं. बांधावरून सात वर्षं बोलणं बंद. सरकारनं सांगितलेल्या अंतरापेक्षा आमच्यातलं अंतर जास्तच होतं. मी म्हणालो, "मी जातो." आई म्हणाली, "नगं. जावंला जाव बोलंल." रामनवमीच्या आदल्या सांजेला तोंडाला पदर लावून ती त्यांच्या अंगणात उभी राहिली.

"आक्का, सुई सरायला आलीया. उसनी बाटली देता का? गाडी आली की परत करते."

आक्का काही बोलल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी बाटली आणली, कट्ट्यावर ठेवली आणि चार पावलं मागं सरकल्या. "माझ्याकडं दोन हायत. मडकं वाळू दिऊ नगंस."

मी लेबलाचा फोटो डॉक्टरांना पाठवला. सुई तीच, मुदतही आहे, असं त्यांनी सांगितल्यावरच आईनं ती वापरायला काढली.

दहाव्या दिवशी टेम्पोवाल्यानं दोन बाटल्या आणल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून. आईनं आधी आक्कांची बाटली पोचवली, मग आपली मडक्यात ठेवली.

पुढं आमच्यात येणं-जाणं लगेच सुरू झालं असं नाही. बांधाची मोजणी अजून व्हायची आहे आणि दोन्हीकडचे गडी माणसं अजून आपल्याच मापावर ठाम आहेत. पण दोघी जावा तेव्हापासून एकमेकींच्या बाटलीची तिथी ध्यानात ठेवतात. त्या दिवशी आक्कांनी परत आलेल्या बाटलीवरची तारीख आधी सुनेकडून वाचून घेतली, मगच ती फ्रीजमध्ये ठेवली.

"राग धरू नगंस," त्या आईला म्हणाल्या, "उसनं परत घेताना बघून घ्यावं."

आई म्हणाली, "मी बी बघूनच आणलीया."